सपातांची तोंडं

१

आमच्या शिओमी निवासात जमीन माणसं ओळखते. कॅमेरे नाहीत. म्हाताऱ्या माणसांवर कॅमेरे लावणं बरं दिसत नाही असं व्यवस्थापनाचं मत पडलं, आणि आमच्या देशात एखादी गोष्ट बरी दिसत नाही म्हटलं की विषय संपतो. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरच्या फळ्यांखाली सेन्सर अंथरले. टाच आधी पडते की चवडा, भार कुठल्या पायावर जास्त रेंगाळतो, पाऊल उचललं जातं की ओढलं जातं, एवढ्यावरून जमीन ठरवते की हा अमुक. मग दिवाणखान्यातल्या पडद्यावर अमुकचं नाव उमटतं आणि अमुकच्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर एक हिरवा ठिपका. खाली समुद्राकडे उघडणारं दारही या ओळखीवरच सरकतं. जमिनीला पायांचा अंदाज नीट यावा म्हणून कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनी फक्त मोज्यांवर चालायचं, असा नियम आहे.

माझं नाव कुसाका तामोत्सु. हिमीच्या नगरकचेरीत कुटुंबनोंदणीच्या खिडकीमागे मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. जन्म, लग्न आणि मृत्यू, माणसाचे तिन्ही अपघात माझ्या खिडकीतून गेले. कागदावर नसलेला माणूस समोर उभा राहून कितीही रडला तरी तो नसतोच, हे मी तरुणपणीच शिकलो. त्यामुळे जमिनीने माणसं ओळखण्याबद्दल माझी तात्त्विक तक्रार काही नव्हती.

इथे आलो तो मुलीसाठी. मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना माझी बायको फुमिए घरी न्हाणीत पडली. दुसऱ्या दिवशी शेजारणीने दार वाजवलं तोवर तिथेच होती. तेव्हापासून मिचिरूला झोप लागत नाही. ती नागोयाला शाळेत संगीत शिकवते. रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारायची, "बाबा, आज चाललात ना?" हिरव्या ठिपक्याचं कळल्यावर तिनेच ही जागा शोधली. मला इथे सोडून जाताना म्हणाली, "जमिनीने तुम्हाला ओळखलं नाही असा एक दिवस जरी गेला, तर मी नोकरी सोडून परत येईन. आधीच सांगून ठेवते."

ती बोलल्याप्रमाणे करते. हा दोष तिने आईकडून घेतला आहे.

२

जमिनीला आपली चाल शिकवायची असते. त्यासाठी कंपनीचा तंत्रज्ञ आला होता. एकेकाने कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि परत यायचं. रांगेत माझा नंबर यायच्या आधी मला संडासला जावं लागलं, आणि मी परत आलो तेव्हा तंत्रज्ञ हातात टॅब्लेटची फळी धरून माझीच वाट पाहत होता. मी घाईने चालून दाखवलं. तो कमरेत वाकून म्हणाला, "फारच उत्तम." होसोमीबाई, म्हणजे आमच्या मजल्यावरच्या परिचारिका, त्यांनीही "सुरेख" म्हटलं. सगळे जमिनीकडे न बघता माझ्या कपाळाकडे बघत होते.

खोलीच्या उंबऱ्याशी आल्यावर मी खाली पाहिलं. माझ्या पायात संडासातल्या सपाता होत्या.

त्या सपाता हिरव्या रेक्झिनच्या आहेत, टाचेकडे उघड्या, आणि माझ्या पायांना लहान. संडासाच्या दारात चढवायच्या आणि दारातच उतरवायच्या. त्या घालून बाहेर येण्यापेक्षा माणसाने विजार विसरून यावं, कारण त्यात निदान घाई तरी दिसते. सगळ्यांनी पाहिलं होतं आणि एकानेही सांगितलं नाही. मीही काही बोललो नाही. सांगितलं असतं तर त्या सगळ्यांना माफी मागावी लागली असती, त्यांनी पाहिलं याबद्दल.

परिणाम असा झाला की, पाय ओढत, बोटं आवळून चालणारा एक गृहस्थ जमिनीने कुसाका तामोत्सु म्हणून शिकून घेतला. मी मोज्यांवर चाललो की पडद्यावर येई, 'पाहुणे'.

पहिल्याच संध्याकाळी मिचिरूचा फोन आला. "बाबा, ठिपका दिसत नाही. पडलात का? खरं सांगा."

दुसऱ्या दिवसापासून मी न्याहारीनंतर, कॉरिडॉर रिकामा असताना, त्या सपाता घालून एक फेरी मारू लागलो. सप, सप, सप. मुलीला झोप लागावी म्हणून बापाने काय काय करावं याला काही मर्यादा असते, पण ती कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. फेरी झाली की सपाता संडासाच्या दारात ठेवायच्या, आणि ठेवताना त्यांची तोंडं बाहेरून येणाऱ्याला पाय घालता येतील अशी वळवायची. ते फुमिएने लावलेलं वळण. पुढच्या माणसाचा विचार करून पादत्राणं वळवून ठेवणं, एवढ्यावरून ती माणसाची परीक्षा करायची. मी लग्नानंतर बरीच वर्षं नापास होत होतो.

३

पावसाळी थंडी पडली आणि मला ताप आला. दिवसभर अंथरुणात होतो. होसोमीबाईंनी पेज आणून दिली, तीही अर्धी राहिली. मला काळजी तापाची नव्हती, ठिपक्याची होती. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं.

"बाबा," मिचिरू म्हणाली, "आज किती चाललात! मी वर्गात होते, फोन सारखा हिरवा होत होता. मुलं हसायला लागली."

"हो का," मी म्हटलं.

"बरं वाटतंय ना?"

"उत्तम," मी म्हटलं. घसा बसला होता, पण तिला कळलं नाही.

फोन ठेवून मी विचार केला. कारकुनाला विचार करायला नेहमी वेळ असतो. दुसऱ्या कुणीतरी चुकून सपाता घातल्या असतील. सपाता लहान आहेत, त्या घालून जो चालेल तो पाय ओढतच चालेल, आणि जमिनीच्या दृष्टीने पाय ओढणारा तो कुसाका. खुलासा इतका सरळ होता की मी उरलेली पेज खाल्ली.

मला सुटल्यासारखंही वाटलं, हे सांगायला हवं. माझं काम दुसरं कुणीतरी करत होतं. कचेरीत असं कधी झालं नव्हतं.

४

कामेदा माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. बंदरावर माशांचा लिलाव पुकारण्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळे कानात कुजबुजला तरी तळमजल्यावर ऐकू जातं. दुपारी आम्ही दिवाणखान्यात शोगी खेळतो. शोगी म्हणजे आमचं बुद्धिबळ. फरक इतकाच की मारलेली सोंगटी मरत नाही, मारणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर येते.

त्या दुपारी त्याने माझा हत्ती मारला आणि पडद्याकडे बघून हसला.

"काय राव कुसाका, तू तर कॉरिडॉरमध्ये हिंडतोयस."

पडद्यावर लिहिलं होतं, 'कुसाका तामोत्सु: कॉरिडॉर'.

"यंत्र आहे," मी म्हटलं. "चुकतं."

"चुकतं कसलं. तूच दोन ठिकाणी पगार घेत असशील. सरकारी माणूस तू."

"खेळ आता."

"खेळतो की. पण कोण खेळतंय माझ्याशी? हा की तो?"

तेवढ्यात आवाज ऐकू आला. सप. सप. सप. आमच्या कॉरिडॉरमध्ये पावलांचा आवाज येत नाही, सगळे मोज्यांवर असतात. हा आवाज संडासाच्या बाजूने निघाला, दिवाणखान्याच्या सरकत्या दारावरून गेला आणि माझ्या खोलीच्या दिशेने लांबला. घाई नव्हती. दाराला खालून अर्ध्यापर्यंत दुधी काच आहे. त्या काचेवरून सावली गेली का, हे कामेदाला मी नंतर विचारलं नाही, त्यानेही मला विचारलं नाही.

"जाऊन बघ की," तो म्हणाला. आवाज चक्क खालच्या पट्टीत होता.

"तू बघ."

"माझं नाव कुठे लागलंय पडद्यावर?"

मी गेलो. दुपारचं ऊन फळ्यांवर पडलं होतं. माणूस नव्हता. माझ्या खोलीचं दार बंद होतं आणि उंबऱ्याशी संडासातल्या सपाता होत्या. एकीची शिवण अंगठ्याजवळ उसवलेली, म्हणजे त्याच. जवळजवळ ठेवलेल्या, व्यवस्थित. फक्त त्यांची तोंडं खोलीकडे होती. वळवलेल्या नव्हत्या. आत जाणारा माणूस जशा पायातून काढतो आणि पुढे जातो, तशा.

मी दार सरकवलं. खोलीत कुणी नव्हतं. गवती चटया, माझी बुटकी खुर्ची, खिडकीत समुद्र. उशीवर सकाळचं वर्तमानपत्र होतं. ते मी कुठे ठेवलं होतं ते मला आठवेना.

सपाता उचलून मी संडासात नेऊन ठेवल्या. रेक्झिन हाताला ओलसर लागलं, पण संडासातल्या सपाता ओलसर असणारच.

५

दुसऱ्या दिवशी लाज बाजूला ठेवून मी होसोमीबाईंकडे गेलो. त्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या.

"माझी चाल पुन्हा नोंदवायची आहे," मी म्हटलं. "पहिली चुकीची गेली."

"चुकीची कशी जाईल, कुसाकासान? रोज तर दिसता तुम्ही पडद्यावर."

"तो मी नसतो."

त्यांनी टॉवेल खाली ठेवला. आमच्या वयाच्या माणसाने असं वाक्य जपून बोलावं. तिसऱ्या मजल्यावर जी माणसं आहेत, ज्यांची दारं बाहेरून बंद होतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी याच्यासारखंच एखादं वाक्य बोलून सुरुवात केलेली असते. तिसऱ्या मजल्याची बातमी नागोयाला पोचायला अर्धा तास पुरे. मी लगेच हसलो आणि म्हटलं, "म्हणजे, माझी चाल सुधारलीय. जुनी शोभत नाही."

त्याही हसल्या. चांगल्या बाई आहेत. टॅब्लेटची फळी घेऊन आल्या, मी मोज्यांवर चाललो, अगदी ताठ. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"यंत्र म्हणतंय, या नावाची व्यक्ती आधीच नोंदलेली आहे."

"मग ती काढा."

"काढता येत नाही हो. ती आत्ता वापरात आहे."

"कुठे?"

त्यांनी बोट लावून बघितलं. "तुमच्या खोलीत," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच गोंधळून पुन्हा हसल्या. "कंपनीला कळवते मी. तोपर्यंत तुम्हाला पाहुणे म्हणून ठेवू का? दार उघडायला माझी घंटा वाजवावी लागेल, एवढंच."

मी आभार मानले. कागदावर एकाच नावाचे दोघे निघाले की मीही खिडकीतून हेच सांगायचो. जो आधी नोंदला गेला तो खरा. दुसऱ्याने पुरावे घेऊन यावं. पुरावे घेऊन परत आलेला माणूस मला एकही आठवत नाही.

खोलीकडे परतताना त्या मागून म्हणाल्या, "आणि काल आपणहून अंघोळीला आलात ना, बोलवायला न लागता, मला फार बरं वाटलं."

काल मी अंघोळीला गेलो नव्हतो. पाणी फार कढत असतं, अशी माझी जुनी तक्रार आहे.

६

यानंतर मी सपातांना हात लावला नाही. गरजही नव्हती. ठिपका रोज उमटत होता, माझ्यापेक्षा नियमित. मिचिरूचे फोन हळूहळू लांबले. आधी दिवसाआड आला, मग आठवड्याने. काळजी नसली की माणसं फोन करत नाहीत, ही चांगलीच खूण आहे असं मी स्वतःला सांगितलं. समुद्राकडे जायचं मी सोडून दिलं. पाहुण्यासाठी घंटा वाजवून होसोमीबाईंना टॉवेलांवरून उठवणं बरं दिसत नाही.

कामेदा शोगीचा पट मांडेना. मी दोन-तीनदा विचारलं, तर पाठ दुखते म्हणाला. मग एका दुपारी मी दिवाणखान्यात गेलो तर तो पटाशी बसला होता आणि समोरच्या गादीवर कुणीतरी बसून नुकतंच उठल्यासारखा खळगा होता. डाव अर्ध्यावर होता.

"कोणाशी खेळतोस?" मी विचारलं.

तो सोंगटी बोटांत फिरवू लागला.

"हे बघ," तो म्हणाला, "तू रागावू नकोस."

"नाही रागावत."

"तो बरा आहे रे. जास्त बोलत नाही. चाल परत मागितली तर देतो. तू कधी दिलीस का?"

"चाल परत द्यायची नसते."

"तेच ना," कामेदा म्हणाला. "तू बरोबर असतोस. तो बरा आहे."

"तू त्याच्याकडे बघतोस?"

"बघतो की."

"कसा आहे?"

कामेदाने माझ्याकडे पाहिलं, लिलावात मासा बघावा तसं, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत. मग मान खाली घालून म्हणाला, "मला काय विचारतोस? आरशात बघ." थोड्या वेळाने पुटपुटला, "आज नको बसूस त्या गादीवर. तो हात धुवायला गेलाय."

मी बसलो नाही. राग आला का, असं तपासून पाहिलं, पण आला नव्हता. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपल्याच ओठाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीसं होतं. कॉरिडॉरमधून मागे येताना मी भिंतीच्या कडेने आलो. समोरून कुणी आलं तर वाट असावी म्हणून.

७

शरद ऋतूच्या सुट्टीत मिचिरू येणार असं पत्र आलं. तीनच्या गाडीने. मी दाढी केली. फुमिएने रफू केलेले राखाडी मोजे काढले. डाव्या अंगठ्यावर तिने निळा दोरा वापरला होता, कारण राखाडी संपला होता, आणि आयुष्यभर त्याबद्दल ती हळहळली. मिचिरूला ते निळं ठिगळ ओळखीचं आहे. तिच्याकडे बघून सगळं सांगायचं मी ठरवलं होतं. प्रत्यक्ष मुलगी समोर असली की जमिनीचं कोण ऐकतो.

चहा घ्यायला खालच्या स्वयंपाकघरात गेलो. भाजलेल्या बार्लीचा चहा तिला आवडतो. तबक घेऊन वर आलो तर दिवाणखान्यात होसोमीबाई म्हणाल्या, "मुलगी आधीच्या गाडीने आली वाटतं. भेट झालीसुद्धा." त्यांनी पडद्याकडे हात केला.

'कुसाका तामोत्सु: खोलीत. पाहुणे: एक.'

मी कॉरिडॉरच्या फळीवर पाय ठेवला. पडदा बदलला. 'पाहुणे: दोन.'

माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी मिचिरूची कापडी सपातांची जोड होती, मोज्यांचा नियम नसलेल्या पाहुण्यांना देतात ती, तोंडं बाहेर वळवलेली. आईचं वळण. तिच्या शेजारी हिरव्या सपाता. तोंडं आत.

दार वीतभर उघडं होतं. आधी मी आवाज ऐकला. मिचिरू हसत होती. हे हसणं मी ओळखायला क्षणभर चुकलो, कारण फुमिएच्या अंत्यविधीपासून ते ऐकलं नव्हतं. शाळेतली काहीतरी गोष्ट सांगत होती, कुणा मुलाने पियानोत तांदळाची वडी लपवली होती, आणि सांगता सांगता स्वतःच हसत होती. समोरून उत्तर येत नव्हतं. पण कुणीतरी नीट ऐकत असलं की बोलणारा जसा बोलतो, तशी ती बोलत होती. माझ्याशी ती कधी अशी बोलली नाही. मी मध्येच व्याकरण सुधारतो.

फटीतून तिचा चेहरा दिसत होता. रात्रभर झोपलेल्या माणसाचा चेहरा होता तो. ती माझ्या बुटक्या खुर्चीकडे बघत होती. खुर्चीतला माणूस दाराआड होता. मला फक्त चटईवर टेकलेली दोन पावलं दिसत होती, जुळवून ठेवलेली. राखाडी मोजे. डाव्या अंगठ्यावर निळा दोरा.

मी तबकाखालून माझ्या पायांकडे पाहिलं. तिथेही निळा दोरा होता. मी पुन्हा आत पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. ताळा करायची सवय आहे.

आतलं डावं पाऊल किंचित हललं. अंगठा आवळला गेला आणि सुटला, लहान सपातेत आवळतो तसा.

मी तबक भिंतीशी ठेवलं. खाली वाकलो, आणि हिरव्या सपातांची तोंडं बाहेर वळवली. घरात आलेल्या माणसाला निघताना त्रास होऊ नये म्हणून जे करतात तेच. मग समोरच्या बाकावर बसलो.

बऱ्याच वेळाने मिचिरू बाहेर आली. उंबऱ्यावर गुडघे टेकून आत बघत म्हणाली, "उठू नका हो बाबा, मी जाते. बघितलं ना सगळं नीट आहे." तिने दार हलकेच लावलं. मग वळली आणि मला पाहिलं. नीट पाहिलं. चेहऱ्याकडे, मग मोज्यांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तिच्या कपाळावर काहीतरी उमटल्यासारखं झालं, एखादा सूर चुकला की उमटतं तसं, आणि गेलं.

मी तोंड उघडलं. पण मी कोण हे सांगायचं तर त्या तंत्रज्ञापासून सुरुवात करावी लागली असती. म्हणजे संडासातल्या सपातांपासून. पहिल्या भेटीत कुणाला ते कसं सांगणार?

"शेजारी का तुम्ही?" ती म्हणाली. "आमच्या बाबांकडे लक्ष असू द्या. मला आता रात्री झोप लागते."

"छान झालं," मी म्हटलं.

ती वाकली. मीही वाकलो, तिच्याहून थोडा खाली, पाहुण्याने वाकावं तेवढा. कापडी सपाता पायात सरकवून ती कॉरिडॉरमधून गेली, आणि तिच्या पावलांचा आवाज आला नाही.

तबकावरचा चहा निवला होता. दाराआड बुटकी खुर्ची करकरली. पावलं चटईवरून उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. सपाता वळवलेल्या होत्याच, त्याला वाकावं लागणार नव्हतं.

मी बाकावरून उठून उभा राहिलो. यजमान बाहेर येत असताना बसून राहणं बरं दिसत नाही.